हसूदादा, तो छर्रा बरोबरच होता

हसूदादा,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. पिंड ठेवला आणि वाटच बघत बसल्यासारखा तो खाली उतरला. माणसं म्हणाली, समाधानानं गेला, मागं काही राहिलं नाही. मी घरी बायकांच्यात बसले होते. मीही मान हलवली. मनात मात्र म्हटलं, त्या कावळ्याला काय ठाऊक? छर्र्याचा वाद अजून मिटलेला नाही. चार वर्षं तुम्ही सांगत राहिलात की स्टिअरिंगच्या डब्यात एक काळा छर्रा चुकीच्या जागी बसला होता, आणि चार वर्षं मी गप्प राहिले. वर्गात साठ पोरांपुढं अखंड बोलणारी बाई गप्प बसते तेव्हा काहीतरी काळंबेरं असतं, हे तुमच्यासारख्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. आलंही असेल, पण तुम्ही दाखवलं नाहीत. आज सांगून टाकते. फक्त पहिल्यापासून सांगावं लागेल. अर्धवट सांगायची माझी खोडच या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

मी साताऱ्याकडची, एकटी राहणारी, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी. जुईनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यांतला फरकही कळत नव्हता. तुमच्या हिराबाईंनी सोसायटीच्या गेटवर डोक्यावरची माशांची पाटी उतरवून मला मासे शिकवले. ताजा कुठला, शिळा कुठला, कुठल्याला चिंच आणि कुठल्याला कैरी. वर्षभरानं एकदा त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि पास केलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमाला इंग्रजी येते ना? आमचे घरवाल्याला एक पुस्तक वाचून पायजे."

रविवारी तुम्ही आलात. पुस्तक धुतलेल्या फडक्यात बांधलेलं, पोथीसारखं. वर तेलाचे बोटभर डाग.

"बाय," तुम्ही म्हणालात, "यो गारीचा पुस्तक हाय. याच्यान सगला लिवलाय. मना येक अक्षर कलत नाय."

मी तेव्हा पहिल्यांदा तुमची चूक दुरुस्त केली. "दादा, बाय नाही. बाई." तुम्ही म्हणालात, "हाव, बाय." मी पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा "हाव, बाय." मला वाटलं, बाईतली ई या माणसाच्या दातांत अडकते. तुमच्याकडं घरच्या लेकीला, बहिणीला बाय म्हणतात आणि कुणालाही उगाच म्हणत नाहीत, हे मला हिराबाईंकडून दोन वर्षांनी कळलं. तोवर मी तुम्हाला किमान शंभर वेळा दुरुस्त केलं होतं. तुम्ही एकदाही रागावला नाहीत. तुम्हाला वाटत असेल, मास्तरीण आहे, तिला बोलल्याशिवाय बरं वाटत नाही.

ती जीप म्हणजे काय चीज होती! खाडीत भराव घालून हे शहर उभं राहत होतं तेव्हा तुम्ही भरावाच्या कामावर ड्रायव्हर होता. काम संपलं, परदेशी इंजिनिअर आपल्या देशी गेला आणि जाताना जीप तुमच्या नावावर करून गेला. चारही चाकांना ताकद, चिखलातून म्हशीसारखी निवांत चालणारी, आणि स्टिअरिंग डावीकडं. म्हणजे तुम्ही डावीकडं बसणार आणि उजवीकडं बसलेल्या माणसाची समोरून येणाऱ्या ट्रकशी पहिली ओळख होणार. पुढं पुढं तो माणूस म्हणजे मीच.

पण त्या गाडीचं खरं वैभव म्हणजे पॉवर स्टिअरिंग. आपल्याकडं तेव्हा मोठ्या मोठ्या गाड्यांनाही ते नसायचं. तुम्ही त्याला "मऊ स्टिअरिंग" म्हणायचात. त्याची तुम्हाला चैन म्हणून गरज नव्हती. तरुणपणी होडीचा नांगर ओढताना तुमचा डावा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही. डावा हात भाकरी धरण्यापुरता उरला. साधं जड स्टिअरिंग तुम्हाला ओढवलं नसतं. या मऊ स्टिअरिंगवर मात्र एका उजव्या हातानं तुम्ही पंधरा वर्षं गाव हाकलंत. पावसाळ्यात तुमच्या गावच्या बांधावर रिक्षा यायची नाही. तापानं फणफणलेलं पोर, अडलेली बाळंतीण, हळद लागलेला नवरा, सगळे तुमच्या जीपमधून.

आणि मग स्टिअरिंगचा डबा गळायला लागला. जिथं गाडी उभी राहील तिथं तेलाची रांगोळी. स्टिअरिंग दिवसेंदिवस जड होत गेलं. तुम्ही गाडी कळंबोलीला ट्रकवाल्या मिस्त्रीकडं नेलीत. त्यानं खाली वाकून बघितलं आणि पुन्हा उभा राहिला. "काका, हा फॉरेनचा डबा आहे. खोलला तर बंद होणार नाही. साधं स्टिअरिंग टाका, नाहीतर ड्रायव्हर ठेवा."

"ड्रायव्हर ठेवला तं मी कोन?" तुम्ही मला विचारलंत. "पाशिंजर?"

त्यात तुमची लेक वंदना पहिल्या बाळंतपणाला ऐरोलीहून माहेरी यायची होती. साऱ्या गावाच्या लेकी तुम्ही दवाखान्यात पोचवल्या होत्या. आपलीला दुसऱ्याच्या गाडीतून पाठवणं तुम्हाला मंजूर नव्हतं. म्हणून तो डबा तुम्ही स्वतः खोलणार होता आणि मी पुस्तक वाचणार होते.

माझं पहिलंच वाचन तुमच्या अंगणात झालं. तुम्ही डबा बाहेर काढून पाटावर ठेवला होता. मी शब्दकोश घेऊन आले होते. हायस्कुलातला शब्दकोश. त्यात इंग्रजी 'वर्म' म्हणजे जंत; आट्यांच्या दांड्यालाही तेच म्हणतात, हे त्यात नव्हतं.

"दादा, लिहिलंय की आतला जंत फिरवून बाहेर काढावा."

तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "तरीच. मी बोल्लो ना, गारीच्या पोटान कायतरी हाय."

पुढं हाउसिंग आलं. मी वाचलं, "घर आतून बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडं करावं. घरात कुठेही कचरा राहता कामा नये."

तुम्ही वर पाहिलंत. "घर? स्टिअरिंगला घर क्याला धुवाचा?"

हिराबाई दारात मासे साफ करत होत्या. त्यांनी कोयता खाली ठेवला. "बाई बरोबर वाचतान. इंग्रजीन लिवलाय ना? मंग धुवा. बाई, परत येकदा वाचा, मोठ्यान."

मी मोठ्यानं वाचलं. तुम्ही त्या दिवशी खरोखर ओटा धुतलात. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या वर्कशॉपच्या सरांनी सांगितलं की हाउसिंग म्हणजे त्या लोखंडी डब्याचं बाहेरचं कवच. मी तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा हिराबाई म्हणाल्या, "बाई, थोरं उशिरा सांगाचा व्हता. माडी रायली."

मग छर्रे. त्या डब्यात एका जाड आट्याच्या दांड्याभोवती लोखंडी छर्रे गोल फिरतात. त्यांच्यामुळंच स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. निम्मे चकचकीत, निम्मे काळे. काळे केसभर लहान. पुस्तकानं बजावलं होतं, एक चकचकीत, एक काळा, एक चकचकीत, एक काळा, असेच बसवावेत. तुम्ही दांडा उपसलात आणि सगळे चोवीस छर्रे टणाटण उड्या मारत अंगणभर पसरले. अंगणभर जवळा वाळत घातलेला होता. नखाएवढी सुकी कोळंबी, हजारो डोळे, आणि त्यात तुमचे चोवीस छर्रे.

हिराबाई काय बोलल्या ते मी स्मृतिलेखात लिहू शकत नाही.

जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं चुंबक काढून तुम्ही त्या जवळ्यावरून आरतीचं ताट ओवाळावं तसं फिरवत बसलात. दिवस भरत आलेली वंदना चाळणीनं चाळत होती. मी मोजत होते. तेवीस मिळाले. चोविसावा, काळा, काही केल्या सापडेना. शेवटी वंदनानं तो तुमच्याच पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यातून काढला. तुम्ही म्हणालात, "मी बोल्लो नवता, माज्याकरंच आसंल."

रबरी सील तुम्ही कळंबोलीहून, जुने सील खिशात घालून, मापाला माप लावून आणलेत. छर्रे तुम्ही व्हॅसलिनमध्ये चिकटवून एकेक बसवलेत, एक चकचकीत, एक काळा, ओठांची हालचाल जप केल्यासारखी. मी शेजारी बसून बघत होते. तुमचा डावा हात डबा नुसता धरून होता आणि थरथरत होता. धरू का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

आता माझा गुन्हा.

मी नववी-दहावीला सारांशलेखन शिकवते, दादा. उताऱ्याचा एक तृतीयांश करायचा, पाल्हाळ काढून टाकायचा. पोरांना मी सांगते, लेखक एकच गोष्ट तीनदा सांगतो, आपण एकदाच लिहायची. त्या रविवारी माझ्यापुढं सहामाहीचे पेपर पडलेले होते, उन्हाचं डोकं दुखत होतं आणि शेवटून दुसऱ्या पानावर तो इंग्रज लेखक तेच तेच लिहितोय असं मला वाटलं. त्यानं लिहिलं होतं, आधी पिस्टन, म्हणजे छर्र्यांवर सरकणारा खाचांचा ठोकळा, बरोबर मधोमध आणावा, मग चाकं वळवणाऱ्या दुसऱ्या, दातेरी दांड्याचा मधला दात पिस्टनच्या मधल्या खाचेत जाईल असं बघून दांडा आत घालावा. मी वाचलं, "मग दांडा आत घालावा."

"बस? येवराच?" तुम्ही विचारलंत.

"एवढंच," मी म्हणाले.

दांडा आत गेला. नांदायला निघालेल्या शहाण्या मुलीसारखा, कुरकुर न करता गेला. आपण टाळ्या वाजवल्या. डबा गाडीला लागला, तेल भरलं, गळती बंद. तुम्ही गाडी चालू करून स्टिअरिंग उजवीकडं फिरवलंत. एका बोटानं चाकं पार वळली. मग डावीकडं फिरवलंत. अर्ध्यावर गेलं आणि टक्कन थांबलं. पुन्हा फिरवलंत. टक्. उजवीकडं हवी तितकी, डावीकडं जेमतेम. गाडीला डावीकडं वळायला अंगण पुरेना, मैदान लागायचं.

"छर्रा," तुम्ही म्हणालात. "काला छर्रा येक इकरचा तिकरं जालाय. सोमवारी परत खोलू."

सोमवारी सकाळी दहाला वंदनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. सांगितलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी. रिक्षावाल्यांचा त्या दिवशी संप. मला शाळेला दिवाळीची सुट्टी होती, मी पुस्तक घेऊन आलेच होते. तुम्ही एकदा जीपकडं बघितलंत, एकदा माझ्याकडं.

"बाय, बसा पुरं. मना उजवीकरचा दिसत नाय."

मी बसले. मागं हिराबाई आणि वंदना. आणि तिथून वाशीच्या दवाखान्यापर्यंत आपण उजवीकडं वळत वळत गेलो. डावीकडं जायचं असलं की तुम्ही चौक सोडून पुढं जायचात, मग उजवीकडं, पुन्हा उजवीकडं, पुन्हा उजवीकडं, आणि आपण हव्या त्या रस्त्याला लागायचो. नव्या शहराचे ते चौकोनी सेक्टर कुणी आखले असतील त्याला मी त्या दिवशी मनापासून दुवा दिला. प्रत्येक वळणाला मी दाराबाहेर वाकून ओरडत होते, "ट्रक आहे! थांबा! आता चला! बस आहे!" आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कुणावर ओरडले नव्हते, दहावी ब वर सुद्धा.

गोल चौक आला. त्यात शिरणं सोपं, बाहेर पडायला डावीकडं वळायला हवं. आपली वाट चुकली. दुसरा फेरा. पुन्हा चुकली. तिसऱ्या फेऱ्याला मधल्या हवालदारानं शिट्टी तोंडातून काढली आणि नुसता बघत राहिला.

मागून वंदना म्हणाली, "बाबा, टेन्शन देत नाही. पण याच पोलिसाला आपण तिसऱ्यांदा भेटतोय."

"तू कळा दे, मी गारी हाकतू," तुम्ही म्हणालात. मी वळून तुमच्याकडं बघितलं. चेहरा शांत. मानेवरून घाम निथळत होता. उजवा हात स्टिअरिंगवर, आणि डावा, तो निकामी डावा, तुम्ही स्टिअरिंगला टेकवण्याऐवजी स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून धरला होता. गिअर तुम्ही उजव्यानंच टाकत होता, स्टिअरिंग सोडून.

तेव्हा मी माझा हात पुढं करून स्टिअरिंग धरलं. तुम्ही गिअर टाकायचात, मी धरायचे. असे आपण दोघं तिसऱ्या फेऱ्यातून रस्त्याची कड घासत बाहेर पडलो. हवालदारानं आपल्याला सलाम ठोकला की कपाळावर हात मारला, ते मला दिसलं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर पस्तीस मिनिटांनी तुम्हाला नात झाली. हिराबाई नर्सला म्हणाल्या, "पोरीला चक्कर तं येत नाय ना, बघा जरा."

आणि मी बाहेर बाकावर बसून पुस्तक उघडलं. काहीतरी वाचत बसायची सवय, दुसरं काय! शेवटून दुसरं पान. ते गाळलेलं वाक्य तिथं होतं. मधला दात, मधली खाच. आपण एक दात चुकवून दांडा घातला होता, म्हणून डावीकडं जागाच उरली नव्हती. तुमच्या छर्र्यांचा काही दोष नव्हता. तुम्ही चोवीसच्या चोवीस बरोबर बसवले होते. दोष माझ्या सारांशाचा होता. त्या सारांशात वंदना आणि तिची पोर गोल गोल फिरली. तेवढ्यात तुम्ही पेढे घेऊन आलात आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबलात. त्यानंतर कुणाला बोलता येतं, दादा?

आठवड्यानं मी म्हणाले, "पुन्हा सगळं पहिल्यापासून वाचू. शब्दन् शब्द."

"क्याला?"

"उजळणी."

या वेळी मी स्वल्पविरामसुद्धा वाचले. मधला दात मधल्या खाचेत गेला आणि गाडी दोन्हीकडं सारखी वळायला लागली. तुम्ही मात्र छर्रे पुन्हा लावले होते, म्हणून तुमची खात्री झाली की छर्राच होता. कळंबोलीच्या मिस्त्रीला तुम्ही ते सांगितलंत, साऱ्या गावाला सांगितलंत. "येक काला छर्रा. येवरासा. माजीच चूक." दर वेळी मी शेजारी उभी असायचे आणि दर वेळी चहाच्या कपात बघायचे. ती चूक माझी होती, हसूदादा. मला माफ करा, असं लिहिणार होते. पण तुम्ही त्यावरही "हाव, बाय" एवढंच म्हणाला असता.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं गाडी चालवलीत. थेंबभर तेल गळलं नाही. खांदा मात्र झिजत गेला. गेल्या उन्हाळ्यात उजवा हातही दुखायला लागला, तेव्हा आपलं खरं भांडण झालं. मी म्हणाले, वंदनाला शिकवा. तिची मुलगी मोठी झालीय, ती दर रविवारी ऐरोलीहून येते, गावात दुसरं कोण आहे?

"बाईमानसाचा काम नाय त्यो. गारी जड हाय."

"जड कुठं आहे? एका बोटानं फिरते, तुम्हीच सगळ्यांना दाखवता."

तुम्ही दुखरा हात चोळलात. मग म्हणालात, "मास्तरीन हाव म्हनून सगला कलतंय का तुमाला?" मी उठून घरी आले. चार महिने आपण बोललो नाही. मासे मात्र येत राहिले. हिराबाई गेटवर यायच्या, साफ केलेली पापलेटं डब्यात घेऊन. "घरवाल्यान पाठवल्यान. बोल्ला, भांडन हाय, पन मासं बंद नाय." मी ते घ्यायचे आणि डबा धुऊन त्यात पुरणपोळ्या घालून परत पाठवायचे. तोंडानं काही बोलायचं नाही. पन्नाशीच्या पुढची दोन माणसं, आणि वागणं पाचवीतल्या पोरांचं. मला वाटत होतं, तुम्ही आधी बोलाल. तुम्हालाही तसंच वाटत असणार.

तुम्ही गेलात ते दुपारी, जेवून ओट्यावर टेकलेले असताना. हिराबाई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात. मला निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलेलं होतं. ते तसंच टाकून आले.

तेरावं काल झालं. आज सकाळी नऊला खाली गेटवर तुमच्या जीपचा हॉर्न वाजला. तो भसाडा हॉर्न साऱ्या सोसायटीला पाठ आहे. कणीक मळत होते, तशीच धावले. खाली पुढच्या सीटवर, माझ्या जागी, हिराबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि स्टिअरिंगवर वंदना. इंजिन चालू. एका हातानं धरलेलं.

"कधी शिकलीस?" मी विचारलं.

"चार महिने झाले. दर रविवारी, मिठागराच्या बांधावर. बाबा शेजारी बसायचे." ती थांबली. "तुम्ही भांडून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या रविवारपासून."

"मला कुणी बोललं नाही?"

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, लायसन हातात आलं की तूच गारी बायच्या गेटवर ने. मी मागं लपून बसंन. मना तिचा तोंड बघाचाय." तिनं पर्समधून लायसन काढून दाखवलं. "बुधवारी आलं."

मी मागच्या सीटवर बघितलं. माहीत असून बघितलं. तिथं दुसऱ्याच कुणाची म्हातारी आई घोंगडी पांघरून बसली होती, वाशीला डोळे तपासायला निघालेली.

तर, हसूदादा, तोंड कसं झालं ते सांगते. आधी ते उघडंच राहिलं. मग कणकेचा हात गालाला लागला. हिराबाई वरून म्हणाल्या, "बाई, हसताव का ररताव?" आणि मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मी पोरांना उत्तर येत नसलं की बाकावर उभं करते. आज मी गेटवर उभी होते, अनवाणी, वॉचमनसमोर. भांडण मी जिंकले होते आणि तोंड हरलेल्या माणसासारखं झालं होतं. तुम्ही बघायला हवं होतं.